एक लाख खुर्च्या आणि एक खुर्ची

वाचकाचं पत्र, थोडक्यात:

पत्र लिहिणाऱ्या बाई मूळच्या साताऱ्याकडच्या, गेली सतरा वर्षं अमेरिकेत. नवरा अमेरिकन, कॉलेज फुटबॉलचा कोच. (फुटबॉल म्हणजे हेल्मेट घालून, लांबट चेंडूनं खेळतात तो.) सध्या एका विद्यापीठात तो ऑफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर आहे, म्हणजे आक्रमणाची सगळी आखणी त्याच्याकडे. हेड कोच अजून कधी झालेला नाही. दोन हंगाम संघ बरा खेळतोय, त्यामुळे त्याचं नाव कानोकानी फिरू लागलंय. एजंट म्हणतो, येत्या नोव्हेंबरात दोन जागा रिकाम्या होतील आणि दोन्हीकडून विचारणा येईल. पहिली पसंती कोणाला ते घरात आत्ताच ठरवून ठेवा, फोन आल्यावर विचाराला दोन दिवससुद्धा मिळणार नाहीत.

एक जागा दक्षिणेतल्या नामांकित विद्यापीठाची. एक लाखाच्या घरात प्रेक्षक बसतील असं स्टेडियम, कपाटात राष्ट्रीय विजेतेपदं, आणि बारा वर्षांत चार हेड कोच. दुसरी मध्य-पश्चिमेतल्या एका लहान गावातली. स्टेडियम निम्म्याहून लहान, इतिहास बहुतेक हरण्याचाच, पण तिथला कोच बरीच वर्षं टिकून आता आपणहून निवृत्त होतोय. नवऱ्याचा जीव पहिलीवर आहे. सासरे म्हणतात, अशी नोकरी आयुष्यात एकदाच चालून येते. साताऱ्याहून वडीलही तेच म्हणतात. थोरली मुलगी नववीत जाईल, धाकटा पाचवीत. लग्नानंतरचं हे सहावं गाव असेल. बाई विचारतात: 'या दोन्हींत खरंच मोठी नोकरी कोणती? आणि मला या खेळातलं फारसं कळत नाही, तर मी मत द्यावं का?'

प्रिय ताई,

शेवटच्या वाक्यापासून सुरुवात करतो, कारण ते वाचून मी थोडा चिडलो. ज्या बाईनं दर वेळी सामान बांधून पाच घरं लावली, दर गावात नवा दंतवैद्य आणि नवी शाळा शोधली, तिला या नोकरीतलं कळत नाही? चौथ्या डाउनला किक मारायची की पळायचं, हे तुम्हाला कळत नसेल. मलाही कळत नाही. मी ओहायोत दहा वर्षं काढली आणि त्या काळात एवढंच शिकलो, की शनिवारी दुपारी मॅच चालू असताना देशी दुकानात जावं, रस्ते रिकामे असतात आणि कोथिंबीर ताजी मिळते. पण नोकरी म्हणून या खेळाकडे बघायला लागलो तेव्हा त्यात जरा गोडी वाटू लागली. तुमचा प्रश्नही खेळाचा नाहीच, नोकरीचा आहे.

'मोठी नोकरी' हा शब्द पत्रात नऊ वेळा आलाय. मी मोजले. तो नीट उलगडून बघू.

अमेरिकेत दर वर्षी ऑक्टोबर उजाडला की कुठली हेड कोचची जागा सगळ्यांत चांगली यावर घरोघरी वाद घालतात, आपल्याकडे मुख्यमंत्री कोण होणार यावर घालतात तसे. यात वरचं नाव बहुतेकदा एलएसयूचं, म्हणजे लुइझियाना स्टेटचं असतं. कारण सरळ आहे. त्या एका राज्यात चांगले खेळाडू भरपूर पिकतात आणि राज्यात तोडीस तोड दुसरं विद्यापीठ नाही. तिथे २००३, २००७ आणि २०१९ च्या हंगामांत तीन वेगवेगळ्या कोचनी राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं. म्हणजे माणूस कोणीही असो, जागाच जिंकून देते, असं लोक म्हणू लागले. यातले पहिले निक सेबन, ते पुढे आपणहून गेले. दुसऱ्याला २०१६ मध्ये हंगामाच्या सुरुवातीलाच काढलं. तिसऱ्यानं २०१९ चा हंगाम १५-० असा एकही सामना न हरता संपवला आणि २०२१ च्या ऑक्टोबरात त्याचंही जाणं जाहीर झालं. त्यानंतर ब्रायन केली आले, नोत्र दाम विद्यापीठ सोडून, दहा वर्षांच्या आणि सुमारे साडेनऊ कोटी डॉलरच्या करारावर. चौथा हंगाम पुरा व्हायच्या आत, ऑक्टोबर २०२५ मध्ये, तेही गेले.

जी जागा तीन जणांना विजेतेपद देते, तीच पुढे त्यांतल्या दोघांना काढूनही टाकते. हे दोन्ही एकाच गोष्टीमुळे होतं. 'इथे कोणीही जिंकेल' असं एकदा गावानं मानलं, की जो जिंकत नाही तो नालायक ठरतो. जिंकला तर त्यात काय मोठं, हरला तर त्याचाच दोष.

म्हणून नोकरी मोठी की लहान हे विचारण्याआधी मी एक वेगळं माप लावतो: लोक किती मागतात आणि त्यासाठी हातात किती देतात, यातलं अंतर. एलएसयूत मागणं फार, पण देणंही फार. खरा घात होतो जिथे मागणं जुन्या काळातलं उरतं आणि देणं आटलेलं असतं.

नेब्रास्काचं बघा. राज्याची वस्ती वीस लाखांच्या आसपास. १९६२ पासून त्यांच्या स्टेडियमची तिकिटं दर घरच्या सामन्याला संपतात. मॅचच्या दिवशी ते स्टेडियम हे राज्यातलं तिसऱ्या क्रमांकाचं शहर होतं, असं तिथली माणसं अभिमानानं सांगतात. सत्तरच्या दशकाच्या तोंडाशी दोन आणि नव्वदच्या दशकात तीन विजेतेपदं. पुढे २००३ मध्ये फ्रँक सोलिच यांना ९-३ अशा हंगामानंतर काढलं, कारण नऊ विजय त्या गावाला कमी वाटले. त्यानंतर नऊ-दहा विजयांचे हंगाम बरेच आले, पण विजेतेपद परत आलं नाही, आणि २०१६ नंतर तर नऊ विजयही दिसेनासे झाले. खेळाडू राज्यात फार पिकत नाहीत, बाहेरून आणावे लागतात. आठवणी मात्र १९९५ च्या.

या गोष्टीतला पुढचा भाग तुमच्या नवऱ्याला जरूर ऐकवा. २०१७ मध्ये स्कॉट फ्रॉस्ट नावाचा कोच सेंट्रल फ्लोरिडा विद्यापीठात एकही सामना हरला नाही, १३-०. देशातला सगळ्यांत मागणीचा तरुण कोच. नेब्रास्कातच वाढलेला, १९९७ च्या विजेत्या संघाचा क्वार्टरबॅक, म्हणजे मैदानावर आक्रमण चालवणारा खेळाडू. त्याला घरून बोलावणं आलं. नाही कसं म्हणणार? 'अशी नोकरी आयुष्यात एकदाच' हे वाक्य त्यालाही कोणीतरी ऐकवलंच असणार. तिथे त्याचे १६ विजय आणि ३१ पराभव झाले. सप्टेंबर २०२२ मध्ये त्याला काढलं. आणखी तीन आठवडे थांबले असते तर विद्यापीठाला द्यावी लागणारी रक्कम दीड कोटी डॉलरवरून निम्म्यावर आली असती, तेवढंही थांबले नाहीत. आता तो परत सेंट्रल फ्लोरिडात आहे.

तेव्हा 'एकदाच चालून येते' या वाक्यावर माझा विश्वास नाही. ते वाक्य प्रेमानं म्हटलेलं असतं, पण घाई करायला लावतं. मॅट कॅम्बेल आयोवा स्टेटमध्ये २०१६ पासून दहा हंगाम राहिले. जवळजवळ दर हिवाळ्यात त्यांचं नाव कुठल्या ना कुठल्या मोठ्या जागेशी जोडलं जायचं आणि ते तिथेच राहायचे. २०२४ मध्ये त्या संघानं इतिहासात पहिल्यांदा अकरा सामने जिंकले, आणि २०२५ च्या डिसेंबरात ते पेन स्टेटला गेले. दहा वर्षं मोठ्या जागा टाळूनही मोठी जागा त्यांच्यासाठी उरली होती.

त्याहून मला आवडते ती कर्ट सिग्नेटी यांची गोष्ट. अलाबामात सेबन यांच्या हाताखाली सहायक, २००९ च्या हंगामाचं राष्ट्रीय विजेतेपद नुकतंच गाठीशी. लोक अशी जागा टिकवायला धडपडतात. यांनी २०११ मध्ये ती सोडली आणि पेनसिल्व्हेनियातल्या, खालच्या म्हणजे दुसऱ्या क्रमांकाच्या विभागात खेळणाऱ्या एका छोट्या कॉलेजात गेले, कमी पगारावर. वय पन्नाशीला टेकलेलं. कारण एकच, हेड कोच व्हायचं होतं. तिथून एलॉन, मग जेम्स मॅडिसन, आणि बासष्टाव्या वर्षी इंडियाना. इंडियाना म्हणजे बास्केटबॉलचं गाव. वरच्या विभागात पराभवांची सातशेवी पायरी सगळ्यांत आधी गाठलेला संघ. कोणी ही 'मोठी नोकरी' म्हटली नसती. येताना त्यांनी जुन्या कॉलेजातले डझनभर खेळाडू सोबत आणले. पहिल्याच हंगामात ११ विजय, २ पराभव. दुसऱ्यात १६-० आणि जानेवारी २०२६ मध्ये राष्ट्रीय विजेतेपद.

आता लगेच म्हणू नका की बघा, लहान जागाच चांगली. इंडियानासारखं शंभरांत एखाद्याचं होतं. शिवाय मध्ये खेळाचे नियमच बदललेत, आणि ते तुमच्या दोन्ही जागांना वेगवेगळ्या तऱ्हेनं लागू होतात. पूर्वी खेळाडूनं विद्यापीठ बदललं की साधारण एक वर्ष त्याला बाकावर बसावं लागे. २०२१ पासून एकदा तसं न बसता बदलता येऊ लागलं आणि २०२४ पासून जवळपास हवं तितक्यांदा. त्याच २०२१ च्या जुलैपासून खेळाडूंना स्वतःच्या नावावर जाहिरातीचे पैसे घेता येतात. आणि २०२५ च्या उन्हाळ्यापासून विद्यापीठं थेट खेळाडूंना पैसे देतात, सगळे खेळ मिळून पहिल्या वर्षाची मर्यादा सुमारे दोन कोटी पाच लाख डॉलर, त्यातला मोठा वाटा फुटबॉलचा. त्यामुळे हरणारं विद्यापीठही पैसे आणि डोकं लावून दोन वर्षांत वर येऊ शकतं. पण लहान जागी तुमच्या नवऱ्यानं घडवलेला पोरगा चांगला निघाला, की जानेवारी संपायच्या आत एखादा श्रीमंत संघ त्याला उचलून नेऊ शकतो. दुसऱ्या जागेचं हे खरं दुखणं आहे. कपाटातल्या जुन्या ट्रॉफ्यांपेक्षा आज खेळाडूंसाठी किती पैसे आहेत आणि ते कोण आणतं, हा आकडा महत्त्वाचा. तो दोन्हीकडे विचारून घ्या, आणि पुढच्या तीन वर्षांसाठीचा घ्या, नुसता यंदाचा नको.

पहिल्या जागेच्या बाजूनं एक गोष्ट आहे, ती सांगितली नाही तर मी अप्रामाणिक ठरेन: पैसा. मोठ्या ठिकाणी काढून टाकलं तरी पैसे मिळतात. टेक्सास ए अँड एमनं २०२३ मध्ये जिंबो फिशर यांना घरी पाठवलं तेव्हा त्यांचे साडेसात कोटी डॉलरहून जास्त देणं लागत होते. न शिकवण्याचे. हे ऐकून तुमच्या वडिलांचे डोळे विस्फारतील, माझेही विस्फारले होते. पण ते फिशर होते, आधी दुसरीकडे विजेतेपद जिंकून आलेले. पहिल्यांदाच हेड कोच होणाऱ्याला असा करार कोणी देत नाही. आणि कागदावर असलं तरी हातात पडायला वेळ लागतो. केली यांचं प्रकरण हकालपट्टीनंतर सुमारे दोन आठवड्यांत कोर्टात पोचलं होतं, कारण विद्यापीठ रकमेवरून मागेपुढे करू लागलं. विद्यापीठानं पैसे द्यायचं कबूल केलं, पण दावा लावल्यावर. तेव्हा करारातली दोन कलमं वकिलाकडून नीट वाचून घ्या. काढलं तर किती मिळणार, आणि दुसरीकडे नोकरी लागली तर त्यातून तेवढं वजा होणार का. तिसरंही एक आहे: तुम्ही आपणहून सोडलंत तर तुम्हाला किती भरावे लागतील. आनंदाच्या भरात ते कोणी वाचत नाही.

आता मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं त्याकडे येतो. नोकरी देतं कोण?

कागदावर उत्तर सोपं असतं: अॅथलेटिक डायरेक्टर, म्हणजे विद्यापीठाचा क्रीडा संचालक. पण खरंच? अलाबामातल्या ऑबर्न विद्यापीठात २००३ च्या नोव्हेंबरात अध्यक्ष आणि अॅथलेटिक डायरेक्टर गुपचूप विमानात बसून दुसऱ्या एका कोचला भेटायला गेले. स्वतःचा कोच, टॉमी ट्युबरव्हिल, खुर्चीत असताना. त्याला न सांगता. ते उघडकीला आलं, अध्यक्षांना जावं लागलं, कोच राहिला आणि पुढच्या वर्षी १३-० खेळला. (पुढे तो अलाबामाचा सिनेटर झाला, ते सोडा.) त्याच ऑबर्नमध्ये जीन चिझिक २०१० चं विजेतेपद जिंकले आणि २०१२ च्या शेवटी बेकार झाले. आणि एलएसयूत केली गेल्यावर राज्याचे गव्हर्नर जाहीरपणे म्हणाले, की पुढचा कोच हा अॅथलेटिक डायरेक्टर निवडणार नाही. दुसऱ्याच दिवशी तोही गेला. गव्हर्नर! म्हणजे उद्या मुख्यमंत्र्यांनी पत्रकार परिषद घेऊन एखाद्या विद्यापीठाचा क्रीडा संचालक बदलावा, तसं.

साताऱ्यात वाढलेल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगायला नको. कारखान्याचा एमडी पगार घेतो, पण त्याला ठेवायचं की नाही हे ठरवणारी माणसं कुठल्या ओट्यावर बसतात ते गावाला ठाऊक असतं. तुमच्या पहिल्या जागी बारा वर्षांत चार कोच झाले. त्या बारा वर्षांत अॅथलेटिक डायरेक्टर किती झाले, ते बघा. तेही तीन-चार असतील तर समजा, की ज्यानं तुमच्या नवऱ्याला निवडलं तो दोन वर्षांनी तिथे नसेल, आणि नवा येतो तो स्वतःचा माणूस आणतो. पैसेवाले माजी विद्यार्थी, ज्यांना तिकडे बूस्टर म्हणतात, ते किती जण आहेत आणि त्यांचं आपसांत पटतं का, हेही काढा. एजंट हे सांगणार नाही, त्याचं कमिशन करारावर आहे. हे सांगतील त्या दोन गावांतून गेलेले जुने सहायक कोच आणि त्यांच्या बायका. बायकांना विचारण्याचं काम तुमचं. त्या जास्त खरं सांगतात, आणि कोणी त्यांना विचारलेलं नसतं.

सहायकांवरून आठवलं. हेड कोच झाल्यावर तुमच्या नवऱ्यामागे दहा-बारा घरं निघतील. त्याला साडेतीन-चार वर्षांचे पैसे हमखास मिळतील, त्यांना बहुधा एका-दोन वर्षांचे. मुलाखतीत त्यानं स्वतःच्या पगारावर घासाघीस करण्याऐवजी सहायकांच्या पगाराचा एकूण आकडा वाढवून मागावा. चांगली माणसं टिकली तर त्याचीही खुर्ची टिकते. आणि जे विद्यापीठ या प्रश्नावर गडबडतं, ते स्टेडियम कितीही मोठं असलं तरी आतून हात आखडून बसलेलं असतं.

माझं मत विचाराल तर दुसरी जागा वर ठेवा. पण अटी घालून: तिथला अॅथलेटिक डायरेक्टर अजून किमान चार-पाच वर्षं राहणारा असावा, खेळाडूंसाठीचा पैसा लेखी असावा, आणि पहिली दोन वर्षं हरलो तरी हात लावणार नाही हे कराराच्या रकमेत दिसावं. तोंडी आश्वासन नको. कॅन्सस स्टेटनं १९८८ च्या अखेरीस बिल स्नायडर यांना बोलावलं तेव्हा तो संघ आधीच्या दोन हंगामांत एकही सामना जिंकलेला नव्हता. त्यांना वेळ मिळाला, आणि आज त्या स्टेडियमला त्यांच्या घराण्याचं नाव आहे. या अटी दुसरीकडे मिळत नसतील आणि पहिली जागा सगळं पारदर्शक सांगत असेल, तर मी मत फिरवीन. हरणाऱ्या संघाला धीर असतोच असं नाही. कधीकधी तो नुसता कंटाळा असतो.

आता तुमच्या पत्रातलं एक वाक्य. मधेच, ओझरतं लिहिलंय तुम्ही: 'बाबा बँकेत होते, मी दहावीपर्यंत पाच शाळा बदलल्या, पण त्याचं काही वाटलं नाही.' ताई, काही वाटलं नसतं तर ते या पत्रात आलं नसतं. दोन संघांची तुलना मागणाऱ्या पत्रात शाळांचा आकडा कशाला येतो? मला वाटतं, तुम्हाला तिसरंच काही विचारायचं होतं आणि ते थेट विचारणं स्वार्थीपणाचं वाटलं म्हणून फुटबॉलच्या पदराआड लपवलंत. थोरली आता नववीत जाईल. चार वर्षं एका शाळेत काढता आली तर तिला शाळेतल्या मैत्रिणी असतील, गावातल्या नाटकात काम असेल, डेटिंगची भांडणं एकाच रस्त्यावर होतील. हा मुद्दा इतर मुद्द्यांइतकाच वजनदार आहे, आणि तो तुम्ही मांडायचा आहे. नवऱ्याला चुकीचं न ठरवता. 'मला चार वर्षांची हमी कुठे जास्त दिसते ते बघायचंय' एवढं म्हणा. त्याला कोच म्हणूनही तेच हवंय, फक्त त्याच्या भाषेत त्याला करार म्हणतात.

आणखी एक, याची मला काळजी वाटते. या धंद्यात सगळं नोव्हेंबरच्या अखेरीस होतं. २०२५ मध्ये लेन किफिन यांचा ओल मिस (मिसिसिपी विद्यापीठ) संघ ११-१ खेळला, पहिल्यांदाच प्लेऑफला पोचणार हे जवळजवळ ठरलं होतं, आणि त्याच आठवड्यात ते एलएसयूला निघून गेले. प्लेऑफमध्ये त्या पोरांना दुसऱ्यानं खेळवलं. लोक खासगी विमानांचे नंबर काढून इंटरनेटवर त्यांचा माग काढतात. तुमच्या मुलीला बातमी वर्गातल्या मुलाच्या फोनवरून कळू नये. नोव्हेंबरच्या आधी तिला घरी सगळं सांगा, दोन्ही गावांची नावं घेऊन.

आणि ऑगस्टमध्ये हंगाम सुरू व्हायच्या आधी तुम्ही, शक्य झाल्यास लेकीला घेऊन, दोन्ही गावांत जाऊन या. नवरा नको, एजंट नको. मॅच नसलेल्या एखाद्या मंगळवारी जा. दुपारी शाळा सुटते तेव्हा गेटपाशी उभ्या राहा, किराणा दुकानात रांगेत थांबा, काउंटरवरच्या बाईला सहज विचारा की आधीचा कोच कसा होता. ती आधी कोच माणूस म्हणून कसा होता ते बोलते की त्याच्या हारजितीविषयी, ते ऐका आणि मला कळवा.